इंग्लंडमध्ये पहिलं घर घेताना: ‘एक्स्चेंज’च्या आधी विचारायचे कायदेशीर प्रश्न

ऑफर मान्य झाल्याचा इस्टेट एजंटचा फोन आला, त्या संध्याकाळी मी पुण्याला आईला व्हिडिओ कॉल लावून सांगितलं, “घर ठरलं.” आईने लगेच देवापुढे साखर ठेवली. तीन आठवड्यांनी त्याच एजंटचा पुन्हा फोन आला. दुसऱ्या कुणी आठ हजार पौंड जास्त देऊ केले होते आणि मालकाने त्यांना होकार कळवला होता. तोवर आमचे सर्व्हेचे पैसे गेले होते आणि सॉलिसिटरचं बिलही सुरू झालं होतं. “असं कसं करू शकतात?” हा माझा पहिला प्रश्न होता.

करू शकतात. इंग्लंडमध्ये घराचा सौदा लेखी करारानेच बांधला जातो. १९८९ च्या कायद्यात तसं स्पष्ट म्हटलंय, आणि तो करार होतो ‘एक्स्चेंज ऑफ कॉन्ट्रॅक्ट्स’च्या दिवशी. तोवर तोंडी होकार असो, ईमेल असो, कशाचंच बंधन नाही. आपल्याकडच्या टोकनसारखंही इथे काही नसतं. मालक फिरू शकतो, तसे तुम्हीही फिरू शकता. एक्स्चेंज झालं की मात्र दोघंही अडकले.

घराचे दोष शोधायची जबाबदारीही कायद्याने बहुतांशी घेणाऱ्यावरच टाकली आहे. मालकाला खोटं बोलता येत नाही, पण न विचारलेलं सगळं सांगायला तो बांधील नाही. म्हणून खालच्या सगळ्या पायऱ्या एक्स्चेंजच्या आधीच्या आहेत असं समजून वाचा. सातवी तेवढी एक्स्चेंजच्या दिवसाची आणि त्यापुढची, आठवी घर झाल्यानंतरची आहे. हे सगळं इंग्लंडपुरतं. वेल्समध्ये खरेदीचा कर वेगळा आहे, स्कॉटलंडमध्ये तर पद्धतच वेगळी.

१. घर बघायला निघण्याआधी भारतातलं घर मोजा

मराठी घरांत या एका मुद्द्यावर सगळ्यात जास्त पैसे जाताना मी बघितलेत, म्हणून तो पहिला.

इथल्या स्टॅम्प ड्यूटीत पहिल्यांदा घर घेणाऱ्याला सवलत आहे. ३ लाख पौंडांपर्यंत काही नाही आणि ३ ते ५ लाखांच्या टप्प्यावर ५ टक्के. किंमत ५ लाखांच्या वर गेली की सवलत पूर्ण जाते. पण ‘पहिल्यांदा’ म्हणजे जगात कुठेही पहिल्यांदा. नाशिकचा फ्लॅट, कोकणातल्या वडिलोपार्जित घरात वारसाने आलेला हिस्सा, लग्नाआधी बाबांनी तुमचं नाव टाकून घेतलेला वन बीएचके, हे सगळं धरलं जातं. दोघं मिळून घर घेत असाल तर दोघंही ‘पहिल्यांदा’ हवेत.

याहून मोठा फटका दुसरा आहे. खरेदीच्या दिवशी तुमच्याकडे जगात कुठेही आणखी एक घर असेल आणि त्यातल्या तुमच्या हिश्श्याची किंमत ४०,००० पौंड किंवा जास्त असेल, तर संपूर्ण किमतीवर ५ टक्के जादा कर लागतो. ऑक्टोबर २०२४ च्या अखेरीपर्यंत तो ३ टक्के होता. नवरा-बायको एकत्र राहत असतील तर एकाच्या नावावरचं घर दुसऱ्यालाही लागू होतं, मग इथलं घर एकट्याच्याच नावावर का असेना.

साडेतीन लाख पौंडांच्या घराचा हिशेब बघा:

- दोघंही पहिल्यांदा घर घेणारे: २,५०० पौंड
- आधी घर होतं, आता नाही: ७,५०० पौंड
- भारतात घर आहे आणि त्यातला हिस्सा ४०,००० पौंड किंवा जास्त किमतीचा: २५,००० पौंड

ते आधी ठरलेलं घर हातचं गेलं. पुढचं घेताना आमच्यावर नेमकी ही शेवटची वेळ येणार होती. सासऱ्यांनी नाशिकला फ्लॅट घेतला तेव्हा “पुढे कटकट नको” म्हणून करारात नवऱ्याचंही नाव घातलं होतं. त्याने त्यात एक रुपयाही घातला नव्हता, आणि तो फ्लॅट आपला आहे असं त्याच्या कधी मनातही आलं नव्हतं. सॉलिसिटरच्या प्रश्नावलीत “जगात कुठेही” हे शब्द वाचले तेव्हा तो आठवला. आम्ही सासऱ्यांकडून इंडेक्स टू मागवला. त्यात ‘लिहून घेणार’ म्हणून दोघांची नावं. शेवटी नवरा स्वतः नाशिकला गेला आणि आपला हिस्सा बक्षीसपत्राने वडिलांच्या नावे नोंदवून आला. त्यात पाच आठवडे गेले. जादा कर टळला, पहिल्या घराची सवलत मात्र कायमची गेली. आम्ही ७,५०० भरले.

आम्ही केलं तेच तुम्हीही करा असं मी सांगत नाही. इथे राहणाऱ्याने भारतातला हिस्सा नुसता बक्षीस दिला तरी इथल्या कॅपिटल गेन्स टॅक्सचा प्रश्न उभा राहू शकतो. तिकडे मुद्रांक शुल्कही लागतं. सही करण्याआधी दोन्हीकडचा कर कळणाऱ्या माणसाला गाठा. सोसायटीच्या कागदावर फक्त नॉमिनी असाल तर तेवढ्याने तुम्ही मालक होत नाही, म्हणून मूळ करार काढून बघा. सातबाऱ्यावरची नुसती शेतजमीन म्हणजे राहतं घर नव्हे, पण तिच्यावर घर असेल तर ते सांगा. आणि काहीही लपवू नका. कराचा फॉर्म सॉलिसिटर भरतो, पण त्यातली माहिती खरी असल्याची जबाबदारी तुमची असते.

लाइफटाइम आयएसएमध्ये (पहिल्या घरासाठीच्या सरकारी बोनसच्या बचत खात्यात) पैसे साठवत असाल तर तिथेही ‘जगात कुठेही आधी कधी घर नसावं’ हीच अट आहे. शिवाय घर साडेचार लाख पौंडांच्या आत हवं.

नुकतेच आला असाल तर आणखी एक. खरेदीआधीच्या बारा महिन्यांत १८३ दिवस इथे राहिला नसाल तर अनिवासी म्हणून २ टक्के जादा लागतात. पुढच्या वर्षात दिवस भरले की ते परत मागता येतात.

२. कागद आणि पैशांचा माग

सॉलिसिटर आणि बँक दोघंही विचारणार: हे पैसे आले कुठून? मनी लॉन्ड्रिंगच्या नियमांमुळे त्यांना विचारावंच लागतं. संशय घेतात असं मानून मनाला लावून घेऊ नका. हे आधीच एका फोल्डरमध्ये जमवा:

- पासपोर्ट आणि ई-व्हिसाचा शेअर कोड
- पत्त्याचा पुरावा
- शेवटच्या तीन पेस्लिप आणि पी६० (वर्षभराच्या पगाराचा आणि कराचा कंपनीने दिलेला कागद)
- डिपॉझिट जिथे साठलंय त्या प्रत्येक खात्याची किमान सहा महिन्यांची स्टेटमेंट्स
- भारतातून पैसे आले असतील तर एफडी मोडल्याची पावती, विक्रीचा करार, बँकेचा पाठवणीचा कागद
- आई-वडिलांनी दिले असतील तर ‘ही भेट आहे, कर्ज नाही, घरात आमचा हक्क नाही’ असं पत्र, त्यांचं ओळखपत्र आणि त्यांची बँक स्टेटमेंट्स

मराठीतले दस्त इथे कुणाला वाचता येत नाहीत. प्रमाणित इंग्रजी भाषांतर लागतं, त्याला आठवडा-दोन आठवडे धरा. भारतात राहणाऱ्या आई-वडिलांना एलआरएसखाली (परदेशी पैसे पाठवायच्या रिझर्व्ह बँकेच्या योजनेखाली) माणशी आर्थिक वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात. तुमच्या स्वतःच्या एनआरओ (अनिवासी भारतीयांच्या भारतातल्या रुपयांच्या) खात्यातून १० लाख डॉलरपर्यंत, पण त्यासाठी सीएचा दाखला लागतो आणि बँक वेळ घेते. पैसे चुलत्याच्या, मग मित्राच्या खात्यातून फिरवून आणू नका. प्रत्येक उडीचा खुलासा मागितला जातो.

३. सॉलिसिटर निवडताना

खरेदीचं कायदेशीर काम सॉलिसिटर करतो किंवा लायसन्स्ड कन्व्हेयन्सर, म्हणजे फक्त याच कामाचा परवाना असलेला माणूस. दोघंही चालतात. तुमच्या बँकेच्या यादीत त्यांचं नाव आहे का, हे पहिल्याच फोनवर विचारा. एजंट त्याच्या ओळखीचं ऑफिस सुचवतो. बहुतेक वेळा त्यात त्याला कमिशन असतं आणि एजंट स्वतः मालकाचा माणूस असतो. तो सुचवेल त्याच्याकडेच जायची सक्ती नाही.

कोटेशनमध्ये तीन गोष्टी वेगळ्या दिसल्या पाहिजेत: त्यांची फी, सर्चेस (काउन्सिल वगैरेंकडून घराची माहिती मागवणं) आणि लँड रजिस्ट्रीचा (मालकी नोंदवणाऱ्या सरकारी कार्यालयाचा) बाहेरचा खर्च, आणि ‘जादा’ म्हणून पुढे येणाऱ्या रकमा. लीजहोल्ड (त्याबद्दल पुढच्या मुद्द्यात), भेटीचं डिपॉझिट, लाइफटाइम आयएसए या प्रत्येकाचे वेगळे पैसे लावतात. सौदा मोडला तर किती द्यावे लागतील तेही लेखी घ्या.

काम रेंगाळलं किंवा चुकलं तर आधी त्यांच्याकडेच लेखी तक्रार करा. आठ आठवड्यांत समाधान झालं नाही तर लीगल ऑम्बुड्समनकडे जाता येतं, फुकट.

४. फ्रीहोल्ड की लीजहोल्ड

फ्रीहोल्ड म्हणजे जमीन आणि घर दोन्ही तुमचं. लीजहोल्ड म्हणजे ठरावीक वर्षांसाठी घराचा हक्क. जमीन आणि इमारत दुसऱ्याची. इंग्लंडमधले बहुतेक फ्लॅट लीजहोल्ड आहेत. इथे आपली सोसायटीची कल्पना डोक्यातून काढावी लागते. इमारतीचा मालक बहुधा एखादी कंपनी असते, आणि खर्च ती ठरवते.

लीजहोल्ड फ्लॅट आवडला तर एजंटला तिथेच विचारा: लीजची किती वर्षं उरली आहेत? ८० च्या खाली गेलं की लीज वाढवायचा खर्च उडी मारतो, कारण वाढलेल्या किमतीतला अर्धा वाटा जमीनमालकाला द्यावा लागतो. २०२४ च्या नव्या कायद्यात हा वाटा रद्द करायची तरतूद आहे. ती प्रत्यक्ष लागू झाली का, हे तुमच्या सॉलिसिटरकडून त्या तारखेला तपासून घ्या. एजंटच्या “आता सगळं बदललंय” वर जाऊ नका. घर घेतल्यावर लीज वाढवायला दोन वर्षं थांबायची जुनी अट मात्र ३१ जानेवारी २०२५ पासून गेली आहे.

ग्राउंड रेंट, म्हणजे जमीनमालकाला द्यायचं जमिनीचं भाडं, किती आणि तो कधी वाढतो? ३० जून २०२२ पासूनच्या बहुतेक नव्या लीजवर तो घेता येत नाही, पण जुन्या लीजवर आहेच. दर दहा वर्षांनी दुप्पट होणारा असेल तर बँक कर्ज नाकारू शकते.

सर्व्हिस चार्जचे (इमारतीच्या देखभालीच्या पैशांचे) मागच्या तीन वर्षांचे हिशेब मागवा आणि पुढे कोणती मोठी कामं आहेत ते विचारा. छत, लिफ्ट अशा कामासाठी एका फ्लॅटवर २५० पौंडांहून जास्त बोजा येणार असेल, तर आधी लीजधारकांना कळवून त्यांचं म्हणणं मागवावं लागतं. अशी नोटीस फिरली असेल तर तिची प्रत हवी, नाहीतर मालक बदलताच बिल तुमच्या दारात येतं. ओळखीच्या एका जोडप्याला राहायला गेल्यावर तिसऱ्याच महिन्यात छताचं बिल आलं. नोटीस आधीच निघालेली होती, विचारायचं मात्र राहून गेलं होतं.

इमारत ११ मीटरहून उंच असेल तर बाहेरच्या भिंतींच्या आगीच्या तपासणीचे कागदही मागा. २०१७ च्या लंडनमधल्या ग्रेनफेल टॉवरच्या आगीनंतर बँका अनेकदा ईडब्ल्यूएस१ नावाचा या तपासणीचा फॉर्म मागतात.

५. सर्व्हे, सर्चेस आणि मी केलेली चूक

बँकेचं व्हॅल्युएशन म्हणजे सर्व्हे नव्हे. ते बँकेसाठी असतं, कधी घरात पाऊल न टाकताही होतं. स्वतःचा सर्व्हे करा: साध्या, अलीकडच्या घराला लेव्हल दोन; जुन्या किंवा वाढवलेल्या घराला लेव्हल तीन. रेडिंगचं आमचं टेरेस, म्हणजे ओळीतलं जोडघर, शंभर वर्षांहून जुनं, म्हणून आम्ही लेव्हल तीन केला, आणि त्याच्याच जोरावर छताच्या दुरुस्तीचे पैसे किमतीतून कमी करून घेतले.

सर्चेस सॉलिसिटर मागवतो: काउन्सिल, पाणी-ड्रेनेज, पूर आणि जमिनीचं प्रदूषण, काही भागांत कोळशाच्या खाणी. मालक टीए६ नावाचा फॉर्म भरतो. त्यात शेजाऱ्यांशी वाद, बांधकामं, पूर, जपानी नॉटवीड नावाचं झपाट्याने पसरणारं तण, ही सगळी माहिती असते. हा फॉर्म स्वतः वाचा, सॉलिसिटरवर सोडू नका. त्याने घर पाहिलेलं नसतं, तुम्ही पाहिलेलं असतं. ‘नॉट नोन’ लिहिलेल्या प्रत्येक ओळीपुढे खूण करा आणि पुन्हा प्रश्न पाठवा.

आता चूक. घराच्या मागे एक छोटं एक्स्टेन्शन होतं आणि त्याचं बिल्डिंग रेग्युलेशन्सचं (बांधकामाच्या सुरक्षिततेच्या नियमांचं) सर्टिफिकेट मिळत नव्हतं. मी उत्साहाने थेट काउन्सिलला फोन करून पत्ता सांगून विचारलं. दुसऱ्या दिवशी सॉलिसिटर म्हणाली, “अहो, विचारायच्या आधी मला सांगायचं!” अशा वेळी साधारणपणे इन्डेम्निटी इन्शुरन्स घेतात. पुढे काउन्सिलने कारवाई केली तर खर्च विमा कंपनी देते. पण कुणीही काउन्सिलला कळवलेलं नसावं, ही त्या पॉलिसीची अट असते. माझ्या एका फोनने तो रस्ता बंद झाला. मालकाला रेग्युलरायझेशन सर्टिफिकेटसाठी, म्हणजे झालेलं काम मागाहून तपासून मान्य करून घ्यायला, अर्ज करावा लागला, तपासनिसाला तुळई दिसावी म्हणून छताचं प्लास्टर एका जागी उकरलं, आणि आमचे सात आठवडे गेले.

तरी त्या सर्टिफिकेटचं मला समाधान आहे. इन्शुरन्स फक्त कारवाईचा खर्च देतो, तुळई भक्कम आहे का ते सांगत नाही. लहान मुलं त्याच छताखाली खेळणार असतील तर सर्व्हेयरला तेवढा भाग पुन्हा बघायला लावा.

खिडक्या २००२ नंतर बदलल्या असतील तर फेन्साचं (खिडक्या बसवणाऱ्यांच्या नोंदणी योजनेचं) किंवा काउन्सिलचं प्रमाणपत्र आणि बॉयलरला गॅस सेफचं (गॅस कारागिरांच्या नोंदणीचं), हेही मागून घ्या.

६. दोघांची नावं कशी लावायची

सॉलिसिटर एक छोटा फॉर्म पाठवतो आणि आपण घाईत टिकमार्क करतो. जॉइंट टेनन्ट्स म्हणजे एक गेला की घर आपोआप दुसऱ्याचं. मृत्युपत्रात काही लिहिलं तरी फरक पडत नाही. टेनन्ट्स इन कॉमन म्हणजे प्रत्येकाचा ठरलेला हिस्सा, आणि तो मृत्युपत्राप्रमाणे जातो. एकाच्या आई-वडिलांनी मोठी रक्कम दिली असेल तर दुसरा प्रकार आणि सोबत डिक्लरेशन ऑफ ट्रस्ट (कुणाचा किती हिस्सा हे लिहिणारा दस्त) करणं मला जास्त सरळ वाटतं. लग्न न करता एकत्र राहत असाल तर कितीही वर्षं झाली तरी इथे ‘कॉमन लॉ’ नवरा-बायको असं काही नसतं. कागदावर नसलेल्याला हक्क सिद्ध करायला कोर्टात जावं लागतं.

७. एक्स्चेंज आणि कंप्लीशन

एक्स्चेंजला बहुधा १० टक्के डिपॉझिट जातं. यानंतर माघार घेतली तर ते बुडतं. घराचा विमा याच दिवसापासून सुरू हवा, किल्ल्या मिळतील त्या दिवसापासून नव्हे. नेहमीच्या करारात जोखीम एक्स्चेंजपासूनच तुमची होते. भाड्याच्या घराची नोटीसही याआधी देऊ नका.

पैसे पाठवताना मात्र जिवापाड जपा. ठग सॉलिसिटरच्या ईमेलमध्ये शिरून नेमक्या वेळी “आमचं बँक खातं बदललंय” असा मेल पाठवतात. पत्ता, सही, केस नंबर, सगळं हुबेहूब. पहिल्या भेटीत मिळालेल्या नंबरवर स्वतः फोन करून खातं ताडून घ्या, आधी एक पौंड पाठवा, पोचल्याचं तोंडी ऐका, मगच बाकीचे. मेलमध्ये दिलेल्या नंबरवर फोन करू नका.

कंप्लीशनच्या दिवशी उरलेले पैसे जातात आणि एजंट किल्ल्या देतो. रजिस्ट्रार ऑफिस नाही, अंगठा नाही, फोटो नाही. सॉलिसिटर १४ दिवसांत स्टॅम्प ड्यूटीचा फॉर्म भरतो आणि एच. एम. लँड रजिस्ट्रीकडे नोंदणी पाठवतो. नाव चढायला महिने लागू शकतात, पण अर्ज दाखल झाल्याचा पुरावा मागून ठेवा. लँड रजिस्ट्रीची प्रॉपर्टी अलर्ट सेवा फुकट आहे, तीत घर नोंदवा. कुणी तुमच्या घरावर अर्ज टाकला की मेल येतो. घर भाड्याने देऊन भारतात जाणार असाल तर हे कराच.

८. राहायला लागल्यावर येणारे प्रश्न

मागे खोली वाढवायची असेल तर टेरेस किंवा सेमीला (एका बाजूने जोडलेल्या घराला) एक मजली ३ मीटरपर्यंत बहुधा प्लॅनिंग परवानगी लागत नाही. फ्लॅटना ही सूट नाही, संरक्षित भागांत आणि काही नव्या वसाहतींत अटी आहेत. परवानगी लागत नसली तरी बिल्डिंग रेग्युलेशन्स वेगळे, ते लागतातच. काम झाल्यावर सर्टिफिकेट हातात घेतल्याशिवाय बिल्डरचा शेवटचा हप्ता देऊ नका. आमच्या आधीच्या मालकाने तेच केलं नव्हतं.

सामाईक भिंतीला हात लावायचा असेल तर १९९६ च्या पार्टी वॉल कायद्याप्रमाणे शेजाऱ्याला दोन महिने आधी लेखी नोटीस द्यावी लागते, जवळ पाया खणायचा असेल तर एक महिना. चौदा दिवसांत उत्तर आलं नाही तर वाद झाल्याचं धरलं जातं आणि सर्व्हेयर नेमावे लागतात, त्यांची फी बहुधा तुमच्या माथी. नोटीस टाकायच्या आधी जाऊन बसा, चहा घ्या, नकाशा दाखवा.

कुंपण कुणाचं? “घराकडे तोंड केलं की डावीकडचं आपलं” असं तुम्हाला दहा जण सांगतील. असा कायदा नाही. लँड रजिस्ट्रीतून ७ पौंडांना टायटल प्लॅन निघतो, पण त्यातली लाल रेघ जागेची साधारण हद्द दाखवते, कुंपणाची नेमकी ओळ नाही. जुन्या कराराच्या नकाशावर कुंपणाच्या रेघेला चिकटलेलं छोटं इंग्रजी ‘टी’ अक्षर सापडलं, तर ज्या बाजूला ते आहे त्या बाजूच्या मालकाची जबाबदारी असं सहसा मानतात.

फेब्रुवारीच्या वाऱ्यात आमचं मागचं कुंपण आडवं झालं तेव्हा मी तो नकाशा टेबलावर पसरला. ‘टी’ शेजारच्या आजोबांच्या बाजूला होता. कागद घेऊन गेले, दाखवला. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिलं, मग म्हणाले, लाकूड मी आणतो, तुमच्या नवऱ्याला रविवारी पाठवा.